बटाट्याचा श्वास, आंब्याची अढी

दुर्गाबाई भागवत कोण, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून त्या ज्या ताठ मानेने आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या, ती आठवण अजूनही घरोघर निघते. त्यांच्या धाकट्या बहिणीचे नाव मात्र त्या मानाने फारच कमी घेतले जाते. महिला दिनाला वर्तमानपत्रात एखादे छायाचित्र आणि त्याखाली चार ओळी, एवढ्यावर आपण डॉ. कमला सोहोनींची बोळवण करतो. सर सी. व्ही. रामन यांच्या दारात सत्याग्रह करून बसलेली मुलगी, एवढीच त्यांची ओळख उरली आहे. दार उघडल्यावर त्या मुलीने आत जाऊन केले काय, हे विचारले तर भलेभले गप्प होतात.

माझी आणि कमलाबाईंची गाठ पडली ती साहित्यामुळे नव्हे, केळ्यांमुळे. मी जन्मभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. निवृत्तीच्या काही वर्षे आधी करमाळा तालुक्यातल्या एका केळी-व्यापाऱ्याचे कर्जप्रकरण माझ्या टेबलावर आले. उजनीच्या पाण्याने त्या भागात केळीचे मळे उभे केले, आणि मळ्यांमागोमाग केळी पिकवण्याच्या वातानुकूलित खोल्याही आल्या. प्रकल्प अहवालात यंत्रसामग्रीच्या किमतीखाली एक तक्ता होता : केळ्यांच्या श्वसनाचा वेग. एक टन केळी तासाला किती श्वास घेतात, त्यातून किती उष्णता बाहेर पडते आणि म्हणून कूलिंगचे यंत्र केवढे हवे, असा सगळा हिशेब मांडलेला. साखरेची पोती तारण घेतली की ती गोदामात मुकाट पडून राहतात. इथे तारण चक्क श्वास घेत होते! आमच्या ट्रेनिंगमध्ये हे कोणी शिकवले नव्हते. कर्ज मंजूर झाले, वेळेवर फिटलेही. पण तो तक्ता डोक्यातून गेला नाही. वनस्पतीचा हा श्वास कोणी शोधला, कसा शोधला, हे वाचत गेलो आणि १९३९ सालच्या केंब्रिजमध्ये भागवत हे आडनाव समोर उभे राहिले.

कमलाबाईंकडे वळण्याआधी हा श्वास समजून घेऊ. तो समजला नाही तर त्यांनी काय केले ते कळणार नाही.

आंब्याची अढी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अर्धा विषय आधीच माहीत आहे. माळ्यावर किंवा कोपऱ्यातल्या खोलीत गवत अंथरायचे, त्यावर आंबे मांडायचे, वर पुन्हा गवत. घरातली म्हातारी रोज हात घालून चाचपायची, आणि आत हात गेला की ऊब लागायची. आम्हा पोरांना वाटायचे की ऊब गवताची आहे. ती आंब्यांची असते. झाडावरून उतरवले तरी फळ मेलेले नसते. ते हवेतला प्राणवायू घेते, स्वतःतली साखर आणि आम्ले हळूहळू जाळते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि या जळण्यातून जी शक्ती मिळते तिच्यावर आतली सगळी कामे चालतात.

ही कामे थोडीथोडकी नाहीत. कच्च्या केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात साधारण वीस ग्रॅम स्टार्च असतो, म्हणजे पिठूळ पदार्थ. स्टार्चचा रेणू म्हणजे साखरेच्या शेकडो-हजारो मण्यांची माळ. ती अखंड असेपर्यंत जिभेला गोडी लागत नाही. पिकताना फळातली एन्झाइम्स ही माळ तोडतात. केळे पिवळे होऊन वर तपकिरी ठिपके दिसू लागेपर्यंत स्टार्च एक-दोन ग्रॅमवर आलेला असतो आणि त्याची जागा साखरेने घेतलेली असते. म्हणजे पिकलेल्या केळ्यातली साखर बाहेरून आलेली नसते. तीच शिल्लक, फक्त खाते बदललेले! (बँकवाल्याची उपमा आहे, वाचकांनी चालवून घ्यावी.) कैरीतला सायट्रिक आम्लाचा साठा श्वासाबरोबर खर्च होतो, म्हणून आंबटपणा उतरतो. कच्च्या केळ्याचा तुरटपणा टॅनिनचा. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. पिकताना त्याचे रेणू एकमेकांना धरून मोठे होतात, लाळेत विरघळेनासे होतात आणि जीभ सुटते. पेशींच्या भिंतींना सांधणारे पेक्टिन विरघळू लागते, म्हणून करकरीत फळ मऊ पडते. सालीतले हरितद्रव्य मोडते, आणि आंब्यात त्याच वेळी केशरी-पिवळी कॅरोटिनॉइड्स वाढत जातात. त्यातल्या बीटा कॅरोटिनचे आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते. सगळ्यात शेवटी वास. पिकल्या केळ्याचा ओळखीचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या एका द्रव्याचा. आंब्याच्या वासात मात्र अशी कितीतरी द्रव्ये असतात, आणि हापूस व पायरी यांतला फरक डोळे मिटूनही कळतो तो त्यांच्या प्रमाणामुळे.

या सगळ्याची सुरुवात होते तेव्हा काही फळांचा श्वास एकदम उसळी घेतो. फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात सफरचंदांवर काम करताना ही उसळी मोजली. इथिलीन वायूचा वनस्पतींवर परिणाम होतो हे रशियात दिमित्री नेल्युबोव्ह यांनी १९०१ साली दाखवले होते. पिकणारे सफरचंद स्वतःच इथिलीन सोडते हे रिचर्ड गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले. अढीत एक आंबा पाडाला आला की भोवतालचे भराभर का लागतात, याचे उत्तर तिथे मिळाले. आपल्या आज्या हे उत्तर ठाऊक नसताना पिढ्यान्‌पिढ्या वापरत होत्या. केळ्यांच्या वखारीत धूर करायचे तेही त्याचसाठी, कारण धुरात इथिलीन असते.

आंबा, केळी, चिकू, पपई, सीताफळ ही श्वासाची उसळी घेणारी फळे. ती तयार झाल्यावर, पण कच्ची उतरवली तरी घरी पिकतात. आपल्या सोलापूरचे डाळिंब त्या जातीचे नव्हे. द्राक्षे, संत्री, मोसंबी यांच्याप्रमाणे तेही तोडल्याक्षणी जेवढे गोड असेल तेवढेच राहते. पुढे कितीही दिवस ठेवा, गोडी वाढायची नाही. म्हणून सांगोल्याच्या, पंढरपूरच्या बागेत तोडणीचा दिवस ठरवणारा माणूस महत्त्वाचा. फळाच्या कडा किंचित चपट्या होतात, मुकुटाच्या पाकळ्या आत वळतात, साल चकाकते, तेव्हा कात्री लागते. २००५ साली केंद्र सरकारने डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सोलापुरातच उभारले आणि २०१६ साली सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचकांना ठाऊक असेलच.

तर फळ श्वास घेते हे कळले, तो वाढतो हेही कळले. पण पेशीच्या आत हा श्वास नेमका चालतो कसा? प्राण्यांच्या पेशींतली यंत्रणा १९२५ साली केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी उजेडात आणली होती. सायटोक्रोम नावाची लोहयुक्त रंगद्रव्ये पेशीत साखळी करून उभी असतात. आगीच्या वेळी माणसे रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तशी ही द्रव्ये अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन पुढे देत जातात, आणि शेवटी प्राणवायूच्या पदरात टाकतात. तिथे पाणी तयार होते आणि वाटेत पेशीला शक्ती मिळते. हिरव्यागार वनस्पतीतही हीच रांग उभी असते का, हा प्रश्न १९३०च्या दशकात गाजत होता. तो सोडवण्यात ज्यांचा हात लागला त्या कमला भागवत.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंदूरला त्यांचा जन्म झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेच्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. त्यामुळे मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. १९३३ साली पहिल्या क्रमांकाने पास झाल्यावर, जिथे वडील शिकले तिथेच आपण जायचे, हे कमलाने गृहीत धरले होते. अर्ज केला आणि नकार आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. नकाराचे कारण गुणांचे नव्हते. अर्ज मुलीचा होता.

वडील आणि काका जाऊन भेटले, उपयोग झाला नाही. मग कमला स्वतः बंगळूरला गेली आणि संचालकांच्या कचेरीसमोर सत्याग्रहाला बसली. तो काळ लक्षात घ्या. सोलापूरच्या मार्शल लॉला तीनच वर्षे झाली होती, चार हुतात्म्यांना फाशी जाऊन दोन. सत्याग्रह हा शब्द तेव्हा शेंबड्या पोरालाही कळत होता. पण तो इंग्रज कलेक्टरच्या दारात करायचा असतो. नोबेल मिळवून देशाची मान उंचावणाऱ्या आपल्याच माणसाच्या दारात तो करायला वेगळी छाती लागते.

रामन नमले, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे, त्यात काम पसंत पडले तरच प्रवेश पक्का. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करायचे. आणि तिच्या असण्याने मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. रामन यांच्याविषयी माझ्या मनात असलेला आदर आजही कमी झालेला नाही. तरीही ही तिसरी अट वाचली की मान खाली जाते. कमलाने तिन्ही मान्य केल्या. अपमान गिळला, पण विसरल्या नाहीत. म्हातारपणीही त्या हे स्पष्ट सांगत. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळी-कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर त्यांनी काम केले, वर्ष संपले, प्रवेश पक्का झाला आणि १९३६ साली एम.एस्सी. विशेष प्राविण्याने मिळाली. त्यांच्यानंतर संस्थेचे दार मुलींना उघडले गेले.

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९चे नोबेल मिळालेले फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा तेव्हा जीवरसायनशास्त्राची काशी होती. आधी त्यांनी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर त्या रॉबिन हिल यांच्याकडे आल्या, आणि इथे वनस्पती आल्या. बटाटा घेतला गेला. बटाटा म्हणजे काही फळ नव्हे, जमिनीतला कंद. पण त्याचा श्वास मंद का होईना चालू असतो, आणि पानांप्रमाणे त्यात हरितद्रव्याची गर्दी नसते. या बटाट्याच्या पेशींत कमलाबाईंना सायटोक्रोम-सी सापडले, केलिन यांच्या साखळीतला तोच दुवा. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीचा श्वास या द्रव्याच्या हातून जातो, हे त्यांनी मांडले. हिल यांच्यासोबतचे टिपण १९३९ साली ‘नेचर’मध्ये आले. पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी चौदा महिन्यांत पुरा केला, आणि त्याची पाने होती चाळीस. आजकाल हजार पानांचे प्रबंध वजनावर तोलले जातात, म्हणून हा आकडा मुद्दाम सांगितला.

कमलाबाईंनी फळ पिकण्यावर काम केले असे मी म्हणत नाही. तो प्रांत किड-वेस्ट यांचा, आणि आपल्याकडे पुण्याचा. डॉ. जी. एस. चीमा यांनी तिथल्या गणेशखिंड केंद्रात डाळिंबाचा ‘गणेश’ वाण निवडला, शीतगृहात आंबा कसा टिकेल हेही अभ्यासले. आणि करमरकर व जोशी या दोघांनी हापूसच्या श्वसनाचे मोजमाप करून १९४१ साली प्रसिद्ध केले. फळ किती श्वास घेते ते या मंडळींनी बाहेरून मोजले. कमलाबाई त्याच श्वासाच्या मुळाशी, पेशीच्या आत उतरल्या होत्या. करमाळ्याच्या त्या तक्त्यातल्या आकड्यांखाली ही दोन्ही कामे आहेत.

१९३९ साली त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. तिथे विद्यार्थ्यांना हाताशी धरून त्यांनी जे विषय निवडले ते पाहण्यासारखे आहेत : डाळी, कडधान्ये, तांदूळ, गूळ. गरिबाच्या ताटात जे पडते ते.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हाती घेतलेले नीरेचे काम सर्वांत गाजले. आपल्याकडच्या ओढ्याकाठच्या शिंदीची असो की कोकणातल्या माडाची, नीरा म्हणजे झाडाचा गोड रस. पहाटे उतरवली तेव्हा ती औषध, दुपारपर्यंत ताडी. हवेतले यीस्ट तिच्यात शिरते आणि प्राणवायूवाचून साखर मोडू लागते. साखर जाते, मद्य येते. मडक्याला आतून चुना लावायची जुनी रीत या आंबण्याला लगाम घालण्यासाठीच. ताज्या नीरेत क जीवनसत्त्व आणि लोह चांगले असते आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर बायांना तिचा फायदा होतो, हे कमलाबाईंनी दाखवले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

संस्थेचे संचालकपद मात्र सुखासुखी मिळाले नाही. हक्क असूनही अंतर्गत राजकारणापायी चार वर्षे ते लांबले. १९३३ साली निदान नकाराचे कारण तोंडावर सांगितले गेले होते. नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते, उघड नकाराशी भांडता येते. फाइल नुसती पडून राहिली की भांडायचे कुणाशी? कमलाबाई त्यातूनही पार पडल्या आणि संचालक म्हणूनच निवृत्त झाल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी जे केले ते मला केंब्रिजइतकेच मोलाचे वाटते. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शक संस्था काढली होती. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३मध्ये अध्यक्ष झाल्या, तिच्या ‘कीमत’ मासिकात लिहू लागल्या. पेशीच्या श्वासावर केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली बाई आता गृहिणींना अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी ते समजावून सांगत होती.

आज त्या यादीत कार्बाइड येते. मे महिन्यात आपल्या लक्ष्मी मंडईत गेलात तर पेटीवर पेटी पिवळाधमक आंबा दिसतो. ‘पावडर’ मारलेला आंबा कसा तयार होतो? कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो. तो इथिलीनचा दूरचा भाऊ. इथिलीनपेक्षा पुष्कळ दुबळा, म्हणून पुष्कळ जास्त लागतो. त्याने साल पिवळी होते. पण फळ झाडावर पुरते भरण्याआधीच उतरवलेले असेल तर आत स्टार्चची पुंजीच अपुरी असते. एन्झाइम्सनी साखर करावी कशाची? मग वरून सोने, आत आंबट. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून फळे पिकवायला कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. केळ्यांच्या चेंबरमध्ये सोडतात तो इथिलीन वायू मात्र २०१६पासून ठरावीक मर्यादेत, हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत, अधिकृतपणे चालतो. फळ स्वतः सोडते तोच तो वायू. सोळा-अठरा अंशांवर चार-पाच दिवस, आणि साचलेला कार्बन डायऑक्साइड मधूनमधून बाहेर काढायचा, कारण तो कोंडला तर फळांचा श्वासच मंदावतो. चेंबरमधले प्रत्येक फळ पिवळे म्हणून संशयाने पाहण्याचे कारण नाही, हे बायाबापड्यांना कोणी तरी सांगायला हवे.

घरी एवढे केले तरी पुरते. कच्चा आंबा किंवा चिकू कागदाच्या पिशवीत, सोबत एक पिकले केळे. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नये. आंबा आणि केळी उष्ण देशाची फळे, बारा-तेरा अंशांच्या खाली त्यांच्या पेशी दुखावतात, साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. पिकल्यावर मग खुशाल ठेवा. डाळिंबासाठी यातले काहीच करू नका, घेतानाच जड बघून घ्या.

कमलाबाईंचा मोठा सत्कार व्हायला १९९८ साल उजाडावे लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, आयसीएमआरने, त्यांना दिल्लीला बोलावले. वय ऐंशीच्या बरेच पुढे गेलेले, तरी त्या गेल्या. सभागृह भरले होते. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. दुर्गाबाई त्यानंतर चार वर्षे होत्या.